जत्रेत विस्तव पाडण्याआधी दोरी वळा

विचारणारे गृहस्थ इंग्लंडात ससेक्समध्ये राहतात. बुशक्राफ्टचे, म्हणजे रानात हाताशी असेल त्यावर निभावण्याच्या विद्येचे, दोन छोटे वर्ग त्यांनी केले आहेत. सप्टेंबरमधल्या एका वनजत्रेत त्यांना पाऊण-पाऊण तासाचे दोन प्रयोग मिळाले आहेत. घरी बो-ड्रिलने, म्हणजे धनुकलीच्या दोरीने लाकडी काठी लाकडी फळीवर गरगर फिरवून, दहापैकी सात वेळा विस्तव पडतो. त्यांचं विचारणं असं: लोकांना काय दाखवू? सुरी-कुऱ्हाड नेताना कायद्याची भानगड काय? मुलांच्या हातात काही द्यावं का? पाऊस आला तर? भारतातलं काही दाखवावं का? आणि पैसे मागितले तर बरं दिसेल का?

सोळा वर्षं मी दक्षिण इंग्लंडातल्या अशा जत्रांमध्ये उभी राहते आहे. हिवाळ्यात हेझल नावाच्या झाडाची तोड, बाकीचे महिने शिकवणं आणि प्रात्यक्षिकं. त्या जोरावर तुम्हाला सांगते, दहापैकी सात हा आकडा परसदारी उत्तम आहे. जत्रेत तो तीनवर येईल. तुमचा हात तोच असतो, पण गवतात दव असतं, तुम्ही घासता घासता बोलत असता, बोलण्याने धाप लागते, आणि समोरचा एक आजोबा 'मी स्काउटमध्ये असताना' अशी सुरुवात करतो. म्हणून प्रयोगाची सुरुवात बो-ड्रिलने करू नका. दोरीने करा.

माझा पहिला प्रयोग मी बो-ड्रिलनेच सुरू केला होता. पहाटे पाऊस पडून गेलेला. खालची फळी मी सरळ गवतावर ठेवली आणि वीस मिनिटं घासत राहिले. धूर येई, थांबलं की जाई. घामाचे थेंब फळीवर पडत होते, ते वेगळंच. पुढे बसलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाने शांतपणे विचारलं, "लायटर आणायला विसरलीस का?" सगळे हसले, मीही हसले, आणि रात्री घरी येऊन रडले. फळी जमिनीतला ओलावा शोषत होती आणि मी तो घासून वाळवत होते, हे कळायला मला पुढचा महिना लागला.

दोरीचं आधी सांगते, कारण तुमची पहिली वीस मिनिटं तिच्यावर जावीत असं मला वाटतं. सप्टेंबरात इथल्या नेटलची, म्हणजे अंगाला लागली की आग करणाऱ्या त्या झुडपाची, दांडी पुरुषभर वाढलेली असते आणि वाखही चांगला निघतो. जमीनमालकाला विचारून कापून आणा. मुळासकट उपटू नका, मालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानझाड मुळासकट उपटणं इथे १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. लोकांसमोर बुडाकडून शेंड्याकडे हात ओढून उघड्या हाताने पानं उतरवा. त्या दिशेने ओढलं की केस दबतात आणि बहुधा टोचत नाहीत. समोरून 'हाऽऽ' असा आवाज येतोच. इथे प्रत्येकाला लहानपणी नेटल लागलेली असते, त्यामुळे या एका हालचालीने तुम्ही जिंकता. घरी चार दिवस सराव करून या म्हणजे झालं.

मग दांडी चेपायची, आतली काष्ठी मोडून बाहेरची साल सोलून घ्यायची. ओल्या सालीची दोरी वळली तर वाळल्यावर आकसते आणि ढिली पडते. म्हणून आठवडाभर आधी सोललेली, वाळवलेली आणि त्या दिवशी पाण्याचा हात फिरवून मऊ केलेली जुडी तयार ठेवा. ओली सोलून दाखवायची, वाळलेली वळायला द्यायची. ही युक्ती पाककृतीच्या कार्यक्रमात असते तशीच आहे, आणि तिची लाज वाटून घेऊ नका.

वळणं शब्दांत सांगायला कठीण, पण ज्याच्या घरात आजीने मांडीवर वाती वळल्या आहेत त्याला अर्धं येतंच. दोन पदर डाव्या चिमटीत. पलीकडचा पदर आपल्यापासून दूर पिळायचा आणि मग तो अलीकडच्यावरून आपल्याकडे आणायचा. आता जो पलीकडे गेला त्याचं तेच. प्रत्येक पदराचा पीळ एका दिशेला, जोडीचा उलट दिशेला, त्यामुळे दोन्ही उलगडू पाहतात आणि एकमेकांना अडवतात. दोरी टिकते ती या भांडणावर. सुरुवातीला जुडी मधोमध दुमडू नका, थोडी एका बाजूला दुमडा, म्हणजे दोन्ही पदर एकाच जागी संपणार नाहीत आणि नवा वाख मागेपुढे घालता येईल. कोकणात केळीच्या सोपटाने हार बांधणारा माणूस हे सगळं न सांगता करतो.

दोरीचा फायदा काय? विस्तव नाही, पातं नाही, पाऊस आला तरी अडत नाही, आणि दहा मिनिटांत पोर आपल्या मनगटात स्वतः वळलेलं कडं घालून आईला दाखवत फिरतं. ते कडं बघून तुमच्या दुसऱ्या प्रयोगाला माणसं येतात. मी जाहिरातीवर आजवर एक पौंड खर्च केलेला नाही.

आता विस्तवाकडे. बो-ड्रिलचा प्रयोग जत्रेत कमी आणि त्याआधीच्या महिनाभरात जास्त होतो, पंगत बसण्याआधी स्वयंपाक झालेला असतो तसा. लाकूड हेझल, विलो, सिकमोर किंवा लाइम घ्या. लाइम म्हणजे आपलं लिंबू नव्हे, इथला मोठा सावलीचा वृक्ष. त्याची आतली सालही दोरीला चालते. फळीसाठी आयव्हीच्या जाड वेलीचं वाळलेलं लाकूड मला सगळ्यात आवडतं. नखाने दाबलं तर खूण उमटली पाहिजे पण भुगा होता कामा नये. पाइनसारखं राळ असलेलं लाकूड टाळा, ते गुळगुळीत होऊन बसतं. फळीची जाडी दीड ते दोन सेंटिमीटर, फिरणारी काठी अंगठ्याएवढी जाड आणि वीतभर लांब. तीन संच करा. एक नाही, तीन. सगळे महिनाभर गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात, टॉवेलांच्या वर. इंग्लंडातल्या जुन्या घरांमधलं ते कपाट ही बुशक्राफ्टवाल्याची खरी प्रयोगशाळा आहे. जत्रेच्या दिवशी संच हवाबंद डब्यातून न्या आणि प्रयोगाआधी तासभर काठी शर्टाच्या आत ठेवा. दिसायला वेडेपणा दिसेल, दिसू द्या.

जत्रा उघडण्याआधी प्रत्येक फळीवर खळगा जाळून घ्या. म्हणजे धूर येईपर्यंत घासून थांबायचं आणि मग खाच कापायची, पिझ्झाचा आठवा तुकडा असतो तेवढ्या कोनाची, जवळजवळ खळग्याच्या मध्यापर्यंत. खाच अरुंद राहिली तर भुगा बाहेर येत नाही आणि रुंद झाली तर पसरतो, साठत नाही. फळीखाली चामड्याचा तुकडा किंवा वाळलेली साल ठेवा. तिच्यावर निखारा उचलता येतो आणि जमिनीची ओलही लागत नाही. माझं रडणं वाचलं असतं ते या हातभर चामड्याने. काठी वरून दाबायच्या ठोकळ्याच्या खड्ड्यात थोडा साबण लावा. तोच साबण चुकून काठीच्या खालच्या टोकाला लागला तर त्या दिवशी विस्तव विसरा. म्हणून मी वरच्या टोकाला कोळशाने ठिपका काढते.

भुग्याचा रंग वाचायला शिका, कारण लोकांना सांगायला सगळ्यात छान गोष्ट तीच आहे. नाचणीच्या पिठासारखा फिकट आला तर पुरेशी धग लागलेली नाही, दाब वाढवा. मशेरीसारखा काळपट आला तर बरोबर. कुरकुर, चीं-चीं आवाज येऊ लागला तर टोक चकचकीत झालं आहे, थांबून खरवडा आणि वाळूची चिमूट टाका. घाई करणारे सगळे पहिल्याच मिनिटात जोर संपवतात. आधी सावकाश, धनुकली पूर्ण लांबीने ओढत, खाच भुग्याने भरेपर्यंत. भरली की मग वेग आणि दाब दोन्ही वाढवायचे, मनात वीस मोजेपर्यंत. डाव्या हाताचं मनगट नडगीला घट्ट टेकलेलं हवं, ते हललं की काठी उडते. कधीकधी पहिल्या रांगेत.

थांबल्यावर भुग्यातून आपोआप धूर येत राहिला तर विस्तव पडला. नवखे इथेच चुकतात. घाबरून ते भुगा लगेच घरट्यात, म्हणजे ज्वाला धरायला केलेल्या वाळक्या गवताच्या पुंजक्यात, ओततात आणि जोरात फुंकतात. पडलेला निखारा काही मिनिटं सहज टिकतो, उलट त्याला जमून यायला वेळ हवाच असतो. तेव्हा उठा. चामड्यावर तो निखारा घेऊन पहिल्या रांगेसमोरून हळूहळू चाला. मुलांना वास घेऊ द्या, त्यांना धुराची रेघ दिसू द्या. ज्वाला सगळ्यांनी पाहिलेली असते. लाकडाच्या पिठातून उठलेला हरभऱ्याएवढा लाल डोळा पाहिलेला नसतो. माझ्या मते प्रयोग तिथे झालेला असतो, पुढची ज्वाला ही टाळ्यांसाठी.

घरट्याला इथे हनीसकल किंवा क्लेमॅटिस या वेलींची वाळलेली साल चोळून वापरतात. मी त्यात मूठभर नारळाचा काथ्या मिसळते, बागकामाच्या दुकानात मिळतो. आमच्याकडे संगमेश्वरला गोठ्यात डासांसाठी नारळाचं सोडण धुमसत ठेवायचे, ते आठवून पहिल्यांदा करून पाहिलं. काथ्या एकदम पेट घेत नाही पण निखारा धरून ठेवतो, त्यामुळे बोलायला वेळ मिळतो. केस बांधा, वाऱ्याकडे पाठ करा, घरटं तोंडापेक्षा वर धरा.

आणि तीन मिनिटांत विस्तव पडला नाही तर? घड्याळ लावा, तीन म्हणजे तीन. मग संच बाजूला ठेवून सांगा, आज हवा ओली आहे, आता दुसऱ्या पद्धतीने करू, आणि चकमक काढा. दुसऱ्या वाटेची तयारी दिसली की लोक अपयश सहज सोडून देतात. हट्टाने घासत राहणाऱ्या माणसाकडे मात्र बघवत नाही.

ससेक्समध्ये असल्यामुळे चकमकीची गार तुम्हाला पायाखालीच मिळेल. डाउन्सच्या खडूच्या डोंगरांत फ्लिंटचे गोटे सांडलेले असतात. गार पोलादाचा बारीक तुकडा खरवडते आणि तो तुकडा हवेत जळतो, ठिणगी म्हणजे ते जळणारं लोखंड. उलटं समजून लोक 'दगडातून आग' म्हणतात, ते नम्रपणे दुरुस्त करा. ठिणगी झेलायला जळका कापूस किंवा जळकं कापड. माझे आजोबा गारगोटी, पोलादाची पट्टी आणि शेवरीचा कापूस असा बटवा बाळगून होते. इथे मी त्या जागी मेलेल्या ॲशच्या झाडावर उगवणारी काळी गोल बुरशी वापरते. तिला लोक 'किंग आल्फ्रेडचे केक' म्हणतात. नवव्या शतकातला हा राजा डेनिश हल्ल्यापासून लपून एका झोपडीत बसला असताना चुलीवरचे केक करपवून बाईच्या शिव्या खातो, अशी ती दंतकथा आहे. बुरशी खरोखर करपलेल्या बिस्किटासारखी दिसते. पुरी वाळलेली असेल तर ठिणगी धरते आणि तासन्‌तास उदबत्तीसारखी धुमसते. २०१२ साली या देशात ॲशचा मररोग सापडला, तेव्हापासून मेलेले ॲश जिकडेतिकडे आहेत आणि त्यामुळे हे केकही. पिशवी भरून बुरशी मिळते याचा आनंद मानावा की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

फेरो रॉड, म्हणजे खरवडली की ठिणग्या पडणारी मिश्रधातूची कांडी, जवळ ठेवा, भर पावसातही त्याची ठिणगी पडते. फक्त त्याला 'आदिमानवाची पद्धत' म्हणू नका. तो मिश्रधातू ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने १९०३ मध्ये काढला. घासून पेटणाऱ्या काड्या जॉन वॉकर नावाचा औषधविक्रेता याच देशात, स्टॉक्टन-ऑन-टीजमध्ये, १८२७ पासून विकत होता. म्हणजे काडेपेटी फेरो रॉडपेक्षा पाऊणशे वर्षांनी थोरली. हे ऐकून तो स्काउटवाला आजोबा गप्प बसतो. इतिहासच सांगायचा तर आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या ओत्झीचं सांगा. सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा हा माणूस विस्तव धरणारी बुरशी बाळगून होता, आणि बर्चच्या सालीच्या डब्यात मेपलच्या पानांत गुंडाळलेले कोळसे. तुम्ही निखारा घेऊन रांगेसमोरून चालत असाल तेव्हा हे दोन वाक्यांत सांगितलं तर अंगावर काटा येतो. दहा वाक्यांत सांगितलं तर मुलं उठून जातात.

भारतातलं काही दाखवावं का, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, आणि त्याचं उत्तर मी अडखळत शिकले. एकदा एका जत्रेत माझ्या तंबूबाहेर पाटी होती, 'पूर्वेच्या जंगलांतली प्राचीन गुपितं'. मी ती पुसायला लावली. मला कोयती धरायला शिकवली ती आमच्या बागेत कामाला येणाऱ्या एका कातकरी काकांनी. कातकरी हे नावच खैरापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडलं. रानाचं जे खरं ज्ञान होतं ते त्यांचं. बागायतदाराच्या नातीने ते इंग्लंडात स्वतःचं म्हणून मांडावं हे मला पटत नाही. त्यामुळे त्यांच्याकडून काय शिकले ते मी त्यांचं म्हणून सांगते, आणि गुपित हा शब्द कुठेच वापरत नाही.

मात्र डोळ्यांना दिसणारी नाती जरूर दाखवा. इथला बिलहुक, म्हणजे फांद्या तोडायचं वाकड्या पात्याचं हत्यार, आणि आपला कोयता शेजारी ठेवले तर सख्खे चुलत भाऊ वाटतात. इथे परगण्यागणिक बिलहुकचं वळण बदलतं, तसं आपल्याकडे तालुक्यागणिक कोयत्याचं. मी कोयती कमरेच्या आकडीला लावून उभी राहते तेव्हा म्हातारे कॉपिसवाले, म्हणजे बुडाशी झाडं तोडून पुन्हा फुटू देणारे, स्वतःहून येऊन बोलतात. हेझलच्या चिरलेल्या फोकांचं कुंपण दाखवलं की मी कारवीच्या कुडाचं सांगते. इथल्या जुन्या घरांतही विणलेल्या फोकांवर माती, शेण आणि काड लिंपलेलं असतं. सिंगल्टनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात ती घरं उभी आहेत, तुमच्यापासून लांब नाही, जत्रेआधी बघून या. हेझल सात-आठ वर्षांनी तोडायचं आणि कारवीही सात-आठ वर्षांनी फुलायची. या योगायोगाला काही अर्थ नाही, मला मात्र तो फार आवडतो.

आणि ताक घुसळायची रवी. हा माझा सगळ्यात यशस्वी प्रयोग, तो तुम्हाला देऊन टाकते. धनुकली काढून टाका. काठी जाड घ्या, हातभर लांब, तिला लांब दोरीचे दोन-तीन वेढे द्या. ताक घुसळताना दोर ओढतात तसं एक टोक एका मुलाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या. वरून ठोकळा तुम्ही दाबायचा, खालची फळी कुणा मोठ्याने पायाने धरायची. 'तू ओढ, आता तू' असा ठेका धरला की मिनिटभरात धूर. यज्ञात अरणीमंथन होतं ते याच तऱ्हेने, शमी आणि पिंपळाच्या लाकडांवर, दोरीने. लोणी आणि अग्नी एकाच हालचालीतून निघतात हे मी इतकंच सांगते, वेदांवर प्रवचन देत नाही. मुलांचे हात काठीपासून लांब राहतील एवढी दोरी हवी, निदान दीड मीटर दोन्ही बाजूंना. इथे विस्तव चौघांचा असतो, त्यामुळे पडला नाही तरी दोष एकट्या तुमच्यावर येत नाही. धूर्तपणा म्हणा हवं तर.

आता कायदा. इंग्लंड-वेल्समध्ये १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्याच्या कलम १३९ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी सबळ कारणाशिवाय पातं बाळगणं गुन्हा आहे. सूट फक्त घडीच्या खिशातल्या चाकूला, तीन इंचांपर्यंतच्या धारेच्या. उघडल्यावर जो चाकू अडकून बसतो, लॉक होतो, तो या सुटीत बसत नाही, मग पातं दोन इंचांचं का असेना. इथे बरेच जण फसतात. तुमची सरळ पात्याची सुरी, चमचे कोरायची वाकड्या पात्याची हुक-नाइफ, कुऱ्हाड यांना प्रात्यक्षिक हे सबळ कारण आहे, पण ते कारण प्रयोगाचं आहे, वाटेतल्या पबचं नाही. सगळं गुंडाळून, बंद पेटीत, गाडीच्या डिकीत. आयोजकांचं पत्र त्याच पेटीत. प्रयोग संपला की कमरेची सुरी काढून पेटीत, मगच चहाला. जत्रेचं मैदान हेही सार्वजनिक ठिकाण आहे. पत्र आधीच मागून घ्या, आयोजकही तुमच्याकडे विम्याचा कागद मागतील, बहुतेक ठिकाणी ५० लाख पौंडांचं दायित्व-संरक्षण. रक्कम ऐकून दचकू नका, वर्षाचा हप्ता त्यामानाने किरकोळ असतो.

मुलांच्या हातात सुरी जत्रेत देऊ नका. वर्गात मी देते, सहा मुलं आणि दोन मोठे असतील तर. जत्रेत कोण कुणाचं, हेच कळत नाही. त्याऐवजी बटाट्याची सालं काढायचे पीलर द्या आणि एल्डर किंवा विलोची ओली कांडी. साल सोलून टोक काढायचं, जादूची छडी तयार. स्वतः सुरीने दाखवताना दोन्ही मांड्यांच्या मध्ये कधीही कापू नका, तिथली मोठी रक्तवाहिनी कापली तर ॲम्ब्युलन्स पोचेपर्यंत वेळ नसतो. कोपर गुडघ्यावर टेका, लाकूड मांडीच्या बाहेर. आणि एक आपल्या घरातली युक्ती: विळीवर पातं स्थिर असतं आणि भाजी फिरते. तसंच सुरीचा हात गुडघ्याशी घट्ट धरून लाकूड मागे ओढलं तर पापुद्रे सुटतात आणि सुरी कुठेही धावत नाही. इथले शिकवणारे ही पद्धत शेवटी शिकवतात. मी पहिली शिकवते, कारण माझ्या हाताला ती विळीवर बसूनच ठाऊक होती.

विस्तवाची जागा जमिनीवर नको, पायांच्या लोखंडी परातीत हवी. मुळं आणि कुजट माती आतून दिवसभर धुमसू शकते. दोन बादल्या पाणी. ससेक्सभर स्वीट चेस्टनटचं लाकूड फुकट मिळेल, ते कुंपणाला सोनं आहे पण उघड्या विस्तवात फटाके फोडतं, पहिल्या रांगेच्या जाकिटांना भोकं पडतात. ॲश जाळा. यू नावाच्या झाडाचा चमचा, ठोकळा, काहीच करू नका, ते विषारी आहे. कुणी भाजलंच तर वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं, मग वर स्वयंपाकघरातली क्लिंगफिल्म आडवी ठेवायची, गुंडाळायची नाही. टूथपेस्ट, हळद, तूप सुचवणारी एक तरी प्रेमळ मावशी गर्दीत असतेच, तिला चहा द्या. रानातलं काही खायला देऊ नका, मशरूम तर अजिबात नाही. पोटात कुणाच्या काय चालेल हे तुम्हाला माहीत नसतं.

पावसाला ताडपत्री. उतार एकाच बाजूला ठेवा आणि विस्तवाची परात तिच्या बाहेर. खरं सांगू, हलक्या पावसात गर्दी वाढते, कारण तुमच्या ताडपत्रीखाली कोरडं असतं. तेव्हा दोरी वळायला लावा, ती माणसं अर्धा तास हलत नाहीत.

मी बाई असल्यामुळे एक गंमत कायम होते. प्रयोग मी करते आणि प्रश्न लोक माझ्या नवऱ्याला विचारतात, तो बिचारा किटलीवर लक्ष ठेवून बसलेला असतो. तो आता गंभीरपणे सांगतो, "मला फक्त चहा येतो." तुम्हाला हा त्रास नाही, पण तुमच्यासोबत कुणी बाई असेल तर तिच्याकडचे प्रश्न तुम्ही उचलू नका.

पैशांचं. मागा. पेट्रोल, जागेचं भाडं माफ, आणि प्रयोगामागे काही रक्कम, पहिल्या वर्षी लहान चालेल. 'मला शिकायला मिळतंय' म्हणून फुकट गेलात तर पुढच्या वर्षी आयोजक माझ्यासारखीला विचारतात, गेल्या वेळचा तर काही घेत नव्हता. आणि दुसरा प्रयोग चार वाजताचा असेल तर तो तीनवर आणता येतो का ते आजच विचारून ठेवा. चारला मुलं दमलेली असतात, दव उतरायला लागायच्या आत तुम्हालाही आवरायचं असतं, आणि आईस्क्रीमची गाडी हमखास तुमच्याच बाजूला लागते.